आधी क्रमांक, मग नाव

जुन्या जहाजांच्या उतारूंच्या याद्या एकेक करून लोकांपुढे येत आहेत. सुरीनामला गेलेल्या गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची, यादी तर नेदरलँड्सच्या राष्ट्रीय अभिलेखागारामुळे घरबसल्या चाळता येते. आपला माणूस कोणत्या जहाजाने गेला हे कळावं अशी ओढ वंशजांना लागणं स्वाभाविक आहे. पण या शोधात फसगत होते ती बहुतेक वेळा नाव सापडल्याच्या क्षणीच, असं माझं ठाम मत झालं आहे. यादीत खापरपणजोबांचं नाव दिसलं, गाव कोकणातलं वाटलं, की माणूस तिथेच थांबतो आणि ते जहाज, ते गाव, ते कूळ आपलं मानून वंशावळीत लिहून टाकतो. एका पिढीचा हा अंदाज पुढच्या पिढीला पुरावा वाटतो. म्हणून शोध यादीतल्या नावावरून सुरू करू नये. आपल्या घरातल्या कागदांपासून मागे जात जात त्या मजुराला दिलेल्या क्रमांकापर्यंत पोहोचावं आणि मगच यादी उघडावी.

मॉरिशसचं उदाहरण घेऊ, कारण मराठी माणसं गिरमिटावर मोठ्या संख्येने गेली ती तिथेच. १८३४ मध्ये ‘ॲटलस’ जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. पुढे १९१० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास हिंदी मजूर त्या बेटावर उतरले. मुंबई बंदरातून गेलेले त्या मानाने थोडे, आणि त्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा या भागांतले लोक पुष्कळ. प्रत्येक मजुराला एक क्रमांक मिळे. रजिस्टरात त्या क्रमांकापुढे नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरच्या खुणा, गाव, जहाज आणि ज्या मळ्यावर धाडलं त्याचा उल्लेख असे. १८६० च्या दशकापासून फोटोही काढले जाऊ लागले. ही रजिस्टरं आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेली आहेत. एकाच नावाची पन्नास माणसं असू शकतात, एका क्रमांकाची नाही. शिवाय मॉरिशसच्या लग्न, जन्म आणि मृत्यूच्या सरकारी नोंदींत गिरमिटियाचा हा क्रमांक पुष्कळदा लिहिलेला सापडतो. आईवडिलांच्या लग्नाच्या दाखल्यावरून आजोबांच्या जन्माकडे, तिथून त्यांच्या वडिलांच्या लग्नाकडे, असं एकेक पायरी मागे गेलं तर तो क्रमांक हाती येतो. मग रजिस्टरातली नेमकी ओळ आपलीच आहे असं म्हणायला आधार मिळतो.

यावर कोणी म्हणेल, सरकारी कारकुनाने माणूस समोर उभा असताना लिहिलेलं नाव, त्यावर एवढा अविश्वास कशासाठी? पण ती नोंद कोणत्या कामासाठी झाली हे आधी पाहायला हवं. वंशजांसाठी ती कोणी लिहिली नव्हती. किती मजूर आले, कोणत्या मळेवाल्याच्या करारात गेले, पळाला तर ओळखायचा कसा, एवढ्यापुरतीच ती होती. म्हणून उंची आणि व्रणाची खूण काळजीने टिपली जाई, तर वय बहुधा अदमासाने टाकलं जाई. नाव सांगणारा कोकणी बोलीतला, लिहिणारा इंग्रजी लिपीत लिहिणारा, आणि बेटावरच्या पुढच्या नोंदी करणाऱ्यांचा कान फ्रेंच वळणाचा. त्यामुळे सखाराम, लक्ष्मण, राघोजी अशी साधी नावंही दर कागदावर वेगळी दिसतात. घरचं आडनाव बहुधा लिहिलंच जात नसे. पुढे त्या पहिल्या माणसाचं किंवा त्याच्या बापाचं नावच घराण्याचं आडनाव होऊन बसलं. आजच्या आडनावाने जुनी यादी धुंडाळणाऱ्याला म्हणूनच भलताच माणूस सापडण्याचा धोका असतो. त्यातून आपण पाहतो ती पुष्कळदा मूळ पानावरून कोणीतरी वाचून केलेली सूची असते. मूळ पानाची प्रत डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सूचीवर विसंबू नये.

आणखी एक गोष्ट फार थोडे जण लक्षात घेतात. मॉरिशसला उतरलेल्यांपैकी दीड लाखांहून अधिक लोक हिंदुस्थानात परतले. म्हणजे यादीत नाव, बापाचं नाव, गाव सगळं जुळणारा माणूस कराराची वर्षं संपवून परत गेलेला असू शकतो, आणि बेटावर त्याचा वंशच नसेल. काही जण परतून पुन्हा गेले, तेव्हा एकाच माणसाच्या दोन नोंदीही असू शकतात. घरात सांगत आलेली ‘दोघं भाऊ एकाच जहाजाने आले’ ही आठवणही तपासून घ्यावी. त्या प्रवासात एकत्र आलेली माणसं एकमेकांना जहाजी भाऊ मानत आणि ते नातं रक्ताच्या नात्याइतकंच पाळत. मला हे नातं फार मोलाचं वाटतं. पण वंशावळीत त्याला सख्ख्या भावाच्या जागी बसवलं, तर दोन घराण्यांचा धागा चुकीचा जोडला जातो.

गावाच्या रकान्यातही असाच गुंता आहे. नोंदीतला रत्नागिरी जिल्हा आजचा नव्हे. सिंधुदुर्ग त्यातून १९८१ मध्ये वेगळा झाला. सावंतवाडी तेव्हा संस्थान होतं. कुलाबा १८६९ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. एकाच नावाची गावं तर कोकणात तालुक्यातालुक्यात आहेत, आणि सांगणाऱ्याने गावाऐवजी आपल्या वाडीचं नाव सांगितलेलं असणंही शक्य आहे. म्हणून नोंदीच्या वर्षी तो मुलूख कोणत्या अमलाखाली होता हे पाहूनच नकाशा उघडावा. जहाज मुंबईहून सुटलं एवढ्यावरून माणूस मराठी ठरवणंही बरोबर नाही.

आणि नाव सापडलंच नाही तर? तेव्हा आपला माणूस मजूर म्हणून गेला होता का, हाच प्रश्न आधी विचारावा. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला वसलेले कोकणी मुसलमान बहुतांशी स्वतःच्या पैशाने गेले. गिरमिटियांच्या यादीत त्यांना शोधणं व्यर्थ आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे खलाशी आणि गोव्याचे कारभारी-खानसामे पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर असत. ते नोकरदार होते, उतारू नव्हते, आणि त्यांचा माग खलाशांच्या करारपत्रांत लागतो. ब्रिटिश जहाजांच्या या कागदांचा मोठा साठा कॅनडात न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात आहे. विलायतेला शिकायला गेलेल्यांसाठी ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात तिथे येणाऱ्या बोटींच्या याद्या १८७८ पासूनच्या आहेत, जाणाऱ्या बोटींच्या १८९० पासूनच्या.

कागदात इतक्या उणिवा असतील तर घरच्या आठवणीवरच का चालू नये, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. आठवणीत कागदावर न आलेल्या पुष्कळ गोष्टी असतात: कुलदैवत, जत्रेचा दिवस, एखादी नदी किंवा खाडी. त्या जरूर लिहून ठेवाव्यात, आणि कागद पाहण्याआधी लिहाव्यात, कारण कागद पाहिल्यावर आठवण नकळत त्याच्यासारखी होत जाते. दोन्ही स्वतंत्रपणे एकाच ठिकाणी पोहोचले तर त्या जुळण्याला किंमत आहे. गावात चौकशीला जातानाही हाच नियम पाळावा. खोतीच्या गावात सारा खोत भरत असे. त्यामुळे परदेशी गेलेल्या कुळाचं किंवा मजुराचं नाव जमिनीच्या कागदात नसेल, आणि मग भिस्त भावकीच्या आठवणीवरच राहते. तिथे आपल्याकडचं नाव आधी बोलू नये. कोणाच्या घरातलं कोण समुद्रापार गेलं आणि परत आलं नाही, एवढंच विचारावं, आणि उत्तर पूर्ण ऐकून घेतल्यावरच आपला कागद बाहेर काढावा.