गर्दी खरी कोणाची?

दादरच्या शिवाजी पार्कभोवती जो बुटका कट्टा आहे, त्यावर रविवारी सकाळी आम्हां चार-पाच हौशी छायाचित्रकारांचा अड्डा जमतो. कोणी कागदावर छापलेले फोटो पाकिटातून आणतो, कोणी मोबाइलच पुढे सरकवतो. फोटो पाहायचे आणि ते काढणाऱ्याची यथेच्छ थट्टा करायची, एवढाच कार्यक्रम. कोणाचे क्षितिज तिरके आले की "समुद्र सांडतोय, पुसून घ्या" असे त्याला ऐकावे लागते. कोणाच्या मावशीच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलेला असतो. यात कोणी रागावत नाही. पण एका वर्षी अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी तशी वेळ आली. त्या भांडणात भौतिकशास्त्राचा एक सुरेख धडा दडलेला होता, म्हणून ती हकीकत सांगतो.

आमच्यातल्या डॉक्टरांनी आणि बँकवाल्यांनी लालबागच्या विसर्जन मिरवणुकीचे फोटो आणले होते. रस्ता तोच, ढोलपथक तेच, वेळेत फरक जेमतेम दहा मिनिटांचा. डॉक्टरांच्या फोटोत ढोलाला ढोल चिकटलेला, मुंगीला शिरायला वाव नाही. बँकवाल्यांच्या फोटोत दोन रांगांमधून हातगाडी सहज जावी.

"डॉक्टर, माणसे भाड्याने आणलीत की काय?"

"भाड्याने कशाला? तुमच्याच फोटोतून पळून आलीत ती!"

येथवर ठीक होते. पण डॉक्टरांनी आपला फोटो सोसायटीतल्या शेजाऱ्यांना दाखवला होता, आणि तो पाहून दोन-तीन घरांनी पुढच्या वर्षी मुलांना मिरवणुकीला न्यायचे नाही असे ठरवले होते. हे कळताच बँकवाले म्हणाले, "म्हणजे खोटा फोटो दाखवून तुम्ही लोकांना घाबरवलेत." 'खोटा' हा शब्द डॉक्टरांना लागला. त्यांनी पाकीट बंद करून खिशात घातले.

मी वर्गात शिकवणारा माणूस. मी दोघांना एकच प्रश्न विचारला, "तुम्ही उभे कोठे होता?" डॉक्टर पुष्कळ दूर, पदपथाच्या टोकाला उभे होते. त्यांच्या कॅमेऱ्याला २०० मि.मी. नाभीय अंतराचे भिंग होते. बँकवाले पथकाला अगदी खेटून होते आणि त्यांच्या हाती मोबाइल होता. मोबाइलच्या नेहमीच्या भिंगात जेवढे दृश्य मावते, तेवढे मोठ्या कॅमेऱ्यात साधारण २४ मि.मी. नाभीय अंतराच्या भिंगात मावते. तेव्हा हिशेबाला २४ हाच आकडा धरू.

आता दोघांनाही मैदानात एकामागे एक, २ मीटर अंतर ठेवून उभे केले. (नाखुशीनेच उभे राहिले!) मागच्याला थोडे बाजूला सरकवले, म्हणजे दोघेही पूर्ण दिसतील. दोघांची उंची १६५ सें.मी. समजू. वस्तू भिंगापासून बरीच दूर असली की तिची प्रतिमा जवळजवळ नाभीय अंतरावरच पडते. समरूप त्रिकोणांवरून,

प्रतिमेची उंची = नाभीय अंतर × वस्तूची उंची ÷ वस्तूचे अंतर

पुढच्यापासून २ मीटरवर उभे राहून २४ मि.मी.च्या भिंगाने फोटो घेतला, तर पुढच्याची प्रतिमा १९.८ मि.मी. येते. मागचा ४ मीटरवर आहे, त्याची ९.९ मि.मी. म्हणजे मागचा बरोबर निम्मा. आता २० मीटर मागे जाऊन २०० मि.मी.चे भिंग लावू. पुढच्याची प्रतिमा १६.५ मि.मी. आणि मागच्याची, २२ मीटरवरून, १५ मि.मी. दोघे जवळजवळ सारखेच!

तुम्ही म्हणाल, ही करामत मोठ्या भिंगाची. थांबा. त्याच २० मीटरवरून मोबाइलने फोटो काढा. प्रतिमा चिमुकल्या येतील, १.९८ आणि १.८ मि.मी. पण त्यांचे गुणोत्तर काढून पाहा. तेच १.१! सूत्रात नाभीय अंतर दोन्हीकडे सारखेच असल्याने भागाकारात ते उडून जाते. उरतात फक्त अंतरे. आम्ही कट्ट्यावर हेच केले. मोबाइलने दुरून घेतलेल्या फोटोचा मधला तुकडा मोठा करून डॉक्टरांच्या कॅमेऱ्यातल्या फोटोशेजारी ठेवला. मोबाइलचा तुकडा थोडा खरबरीत होता, पण मांडणी तंतोतंत तीच. भिंग निर्दोष सुटले. फरक केला तो पायांनी.

पण मग डॉक्टरांच्या फोटोत माणसे चिकटलेली का वाटतात? हा भाग मला सर्वांत मौजेचा वाटतो, आणि पुस्तकांत तो क्वचितच सापडतो. कॅमेऱ्यातली चौकट ३६ × २४ मि.मी.ची. फोटो छापला सुमारे २९ × १९ सें.मी., म्हणजे ८ पट. कॅमेऱ्याने जे कोन पाहिले तेच कोन डोळ्याला दिसायला हवे असतील, तर फोटो २०० × ८ म्हणजे १६०० मि.मी. अंतरावर, १.६ मीटरवर धरला पाहिजे. आपण तो धरतो हातात, ४० सें.मी.वर, म्हणजे ४ पट जवळ. त्यामुळे २० मीटरवरचा माणूस ५ मीटरवर असल्यासारखा दिसतो. आता मागच्या माणसाशी गुणोत्तर १.१ आहे, तेव्हा डोळा त्याला ५.५ मीटरवर बसवतो. खरे अंतर २ मीटर, वाटते अर्धा मीटर!

बँकवाल्यांचा फोटो याच आकाराचा छापला, तर तो २४ × ८ म्हणजे १९२ मि.मी.वर, सुमारे १९ सें.मी.वर धरायला हवा. आपण धरतो दुपटीने दूर. त्यांच्या फोटोत २ मीटरचे अंतर ४ मीटरांहून जरा जास्तच भासते. म्हणजे एकाने गर्दी दाबली होती, तर दुसऱ्याने ती ताणली होती, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता.

डॉक्टरांचा फोटो मी पावणेदोन पावले दूर धरला आणि बँकवाल्यांना एक डोळा मिटायला सांगितले. (दोन्ही डोळे उघडे असले की हा सपाट कागद आहे हे ते लगेच ओळखतात.) काही वेळाने ते म्हणाले, "सुटल्या की हो रांगा!" उलटा प्रयोग मात्र फसला. १९ सें.मी.वरचे चाळिशी उलटलेल्या डोळ्यांना स्पष्ट दिसत नाही. तुम्हांला दिसेल, करून पाहा.

खरी गर्दी किती, हे मात्र रस्त्यावरून काढलेल्या कोणत्याच फोटोवरून सांगता येणार नाही. त्यासाठी चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी गाठावी. वरून पाहताना माणसामागे माणूस झाकला जात नाही. एका ठरावीक चौकोनातली डोकी मोजता येतात आणि रस्त्याच्या क्षेत्रफळाने गुणता येते. २०२० साली करोनाच्या साथीत हाच वाद जगभर पेटला होता. तेव्हा डेन्मार्कमधील दोन छायाचित्रकारांनी त्याच रांगा आणि तीच माणसे एकदा दुरून मोठ्या भिंगाने, एकदा जवळून रुंद भिंगाने टिपून शेजारी-शेजारी मांडली. एका फोटोत लोक एकमेकांना खेटलेले, दुसऱ्यात चांगले सुटे सुटे.

फोटो समोर ठेवून चर्चा करण्याची मुंबईची खोड तशी जुनी आहे. १८५४ साली येथे छायाचित्रणाची सोसायटी स्थापन झाली. हिंदुस्थानातील अशी ती पहिलीच. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. पुढे १८५६ ते १८५८ या काळात मुंबईतून हौशी छायाचित्रकारांसाठी एक मासिक अल्बम निघत असे. त्यात मूळ फोटोच चिकटवलेले असत. त्या मंडळींना कट्टा नव्हता, पण थट्टा तरी असावी अशी आशा करू.

आमच्याकडे डॉक्टरांनी पाकीट पुन्हा उघडले होते. सोसायटीत पुढच्या वेळी दोन्ही फोटो दाखवायचे असे ठरले, आणि चहाचे पैसे बँकवाल्यांनी दिले. इतक्यात आमच्या अड्ड्यातली सर्वांत धाकटी, कॉलेजात शिकणारी मुलगी, तिने मोबाइल पुढे केला. सपाट रस्त्यावर ५ मीटर उंचीची गणेशमूर्ती, काळे आकाश, आणि मूर्तीमागे मूर्तीएवढाच उंच चंद्र. "अनंत चतुर्दशी, रात्री नऊ वाजता," ती म्हणाली. "चिकटवलाय!" डॉक्टर आणि बँकवाले एका सुरात ओरडले. सकाळपासून त्यांचे पहिल्यांदाच एकमत झाले.

ते बरोबर होते का, हे तुम्ही ठरवा. चंद्राची चकती आपल्या डोळ्याशी सुमारे अर्धा अंशाचा कोन करते. कोणतीही वस्तू तिच्या उंचीच्या सुमारे ११५ पट अंतरावर नेली की तेवढाच कोन करते. त्या तिथीला चंद्र पौर्णिमेच्या जवळचा असतो आणि सूर्यास्ताच्या आधीच पूर्वेला उगवतो. तेव्हा मूर्ती किती दूर असायला हवी, आणि रात्री नऊला चंद्र क्षितिजापासून किती वर असेल? पंचांग जवळ घ्या, आकृती काढा. आम्ही विचारले तेव्हा ती नुसती हसली.