एकाच छपराखाली लेथ आणि लॅटिन

प्रश्न : लहानपणी आर्ची कॉमिक्सची पारायणं केली, पुढे ‘ग्रीस’ हा सिनेमा पाहिला. त्यातल्या अमेरिकन हायस्कुलात मुलं मोटारीचं इंजिन खोलतात, मुली शिवणकाम-स्वयंपाक शिकतात आणि त्याच शाळेतून कुणी डॉक्टर-वकीलही होतं. खरंच असं होतं का? असेल, तर तिला शाळा म्हणायचं की आयटीआय? आणि अंगठ्या, जाकिटं, मॅचच्या वेळी निवडलेली राणी हा थाट शाळेला कशासाठी लागत होता?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : होय, खरंच असं होतं. ‘ग्रीस’ १९७८ चा असला, तरी त्याची गोष्ट १९५८-५९ च्या शालेय वर्षात घडते आणि त्यातला मोटारदुरुस्तीचा वर्ग कल्पनेतला नाही. त्या काळातल्या मोठ्या सरकारी हायस्कुलांत लाकूडकाम, धातुकाम, यांत्रिक रेखाटन, टायपिंग, शॉर्टहँड आणि गृहशास्त्र हे विषय बीजगणित आणि इतिहासाच्या बरोबरीने वेळापत्रकात असत. ग्रामीण भागात त्यांत शेतीची भर पडे.

याचा पाया १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने घातला. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी त्यावर सही केली आणि शेती, उद्योगधंदे व गृहशास्त्र शिकवण्यासाठी केंद्राचा पैसा राज्यांकडे जाऊ लागला. त्याची गरजही होती. १९०० च्या सुमारास अमेरिकेत शंभरातली सहा-सातच मुलं हायस्कूल पूर्ण करत. १९४० पर्यंत हे प्रमाण वाढून जवळपास पन्नास टक्क्यांवर पोहोचलं. शेतकऱ्याचा मुलगा, खाणकामगाराची मुलगी आता वर्गात येऊन बसली होती आणि त्यांतल्या बहुतेकांना कॉलेजात जायचं नव्हतं.

तुमच्या ‘शाळा की आयटीआय’ या प्रश्नावर तिथेही मोठा वाद झाला. धंदेशिक्षणाच्या शाळा वेगळ्याच काढाव्यात, असं एका गटाचं म्हणणं होतं. तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी त्याला कडाडून विरोध केला. मुलांना लहान वयातच ‘हाताने काम करणारे’ आणि ‘डोक्याने काम करणारे’ असं वेगळं केलं, तर लोकशाहीच दुभंगेल, असं त्यांना वाटत होतं. हा वाद रंगात होता, त्याच सुमारास, म्हणजे १९१३ ते १९१६ या काळात, डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात ड्यूईंकडे शिकत होते. माणसाचा धंदा जन्मावरून ठरवण्यावर बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये घणाघाती हल्ला केला. त्यात त्यांनी ड्यूईंचा आपले गुरू म्हणून कृतज्ञतेने उल्लेख केला आहे.

अमेरिकेत काही शहरांनी वेगळ्या धंदेशाळा काढल्या, पण बहुतेक ठिकाणी एकच सर्वसमावेशक हायस्कूल उभं राहिलं. लेथ आणि लॅटिन एकाच इमारतीत आले आणि प्रमाणपत्रही बहुधा सगळ्यांना त्याच शाळेचं मिळू लागलं. तेव्हा तिला शाळाच म्हणायचं.

आता या वर्गांत शिकवत काय, ते पाहू. लाकूडकामाचा पारंपरिक पहिला धडा म्हणजे एक साधी फळी सर्व बाजूंनी काटकोनात आणणं. रंध्याने एक बाजू सपाट करायची, तिच्यावर गुण्या ठेवायचा आणि फळी उजेडाकडे धरायची. गुण्याखालून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा रंधा मारायचा. हे जमलं की मग पक्ष्यांसाठी घरटं, टेबललॅम्प, पुस्तकांचं शेल्फ. मोटारीच्या वर्गात स्पार्क प्लगमधली फट पातळ पट्टीच्या गेजने मोजून नीट करायची, कार्ब्युरेटर खोलून साफ करायचा. गृहशास्त्रात बऱ्याच शाळांत मुली आधी स्वतःचा एप्रन शिवत आणि मग तोच घालून स्वयंपाकाच्या वर्गात उभ्या राहत. टायपिंगला घड्याळ लावून मिनिटाला किती शब्द आणि किती चुका, हे मोजलं जाई. मुलीला ऑफिसात नोकरी मिळवून देणारा तो सर्वांत भरवशाचा विषय होता. अशा वर्गांत चूक लगेच दिसते आणि स्वतःच्या हाताने सुधारता येते. मुलाला आत्मविश्वास देण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

शेतीचा विषय तर शाळेच्या आवारात मावतच नसे. मुलाने घरी वासरू किंवा डुकराचं पिल्लू वाढवायचं, नाहीतर मक्याचा तुकडा पिकवायचा आणि खर्च-उत्पन्नाची वही ठेवायची. शिक्षक उन्हाळ्याच्या सुट्टीतही घरोघरी जाऊन ते काम बघत. या मुलांची ‘फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका’ ही संघटना १९२८ मध्ये कॅन्सस सिटीत स्थापन झाली. तिचं निळं कॉर्डरॉय जाकीट १९३३ मध्ये अधिकृत पोशाख ठरलं. ओहायोतल्या फ्रेडरिकटाउनच्या मुलांचं बँडपथक ते घालून अधिवेशनाला आलं होतं आणि सगळ्यांना ते आवडलं. जाकिटाच्या पाठीवर संघटनेचं चिन्ह, राज्य आणि शाखेचं नाव, पुढे मुलाचं स्वतःचं नाव. शेतीकामाला एवढी उघड प्रतिष्ठा देणारा शालेय पोशाख विरळाच.

यावरूनच तुमच्या थाटमाटाच्या प्रश्नाकडे येतो. दिवसभर मुलं आपापल्या वर्गांत विखुरलेली असत. कुणी भूमितीत, कुणी वेल्डिंगच्या ठिणग्यांत. शाळा एक आहे हे त्यांना जाणवायचं ते शुक्रवारी रात्री फुटबॉलच्या मैदानावर, बँडच्या तालावर आणि ‘होमकमिंग’ला. होमकमिंग म्हणजे माजी विद्यार्थ्यांना बोलावून केलेला शरद ऋतूतला उत्सव. त्यात मिरवणूक, सामना, नाच आणि विद्यार्थ्यांनी मतं देऊन निवडलेली राणी. खेळात चमकलेल्याला शाळेच्या आद्याक्षराचं जाड लोकरी अक्षर मिळे आणि ते स्वेटरवर किंवा जाकिटावर शिवलं जाई. शेवटच्या वर्षी शाळेचं नाव आणि साल कोरलेली अंगठी. मुलगा ती मैत्रिणीला देई आणि बोटात ढिली पडू नये म्हणून मैत्रीण अंगठीला लोकर गुंडाळे. वर्षाच्या शेवटी वार्षिक अंक निघे. त्यात शेवटच्या वर्षाच्या प्रत्येकाचा फोटो आणि त्याने काय काय केलं त्याची नोंद, मग तो गणितात पहिला असो की सुतारकामात तरबेज. एका वयाची, पण वेगवेगळ्या घरांतली मुलं एका नावाखाली बांधून ठेवायचं काम या परंपरा करत होत्या.

म्हणूनच कुणाला त्यांतून वगळलं, हे फार महत्त्वाचं ठरतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या निकालाने वर्णावर आधारलेल्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरल्या. १९५७ मध्ये आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कुलात नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी सैन्याच्या बंदोबस्तात दाखल झाले. त्यांना वर्गात बसू दिलं, पण खेळ, बँड, गायनवृंद असे शाळेचे उपक्रम त्यांना बंद ठेवले. म्हणजे शाळेत घेतलं, पण शाळेचं होऊ दिलं नाही. त्यांच्यातला अर्नेस्ट ग्रीन मे १९५८ मध्ये पदवीदान समारंभात प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडला तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग प्रेक्षकांत बसले होते.

वर्गांच्या निवडीतही असाच अन्याय होता. कोणी काय शिकायचं हे कागदावर विद्यार्थ्याच्या हाती, प्रत्यक्षात बरेचदा समुपदेशकाच्या. मुलींना लाकूडकाम बंद, मुलांना शिवण वर्ज्य. मेक्सिकन वंशाच्या मुलांना हुशारी न पाहताच कारखान्याच्या वाटेवर ढकललं जाई. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमधली हजारो मुलं शाळा सोडून रस्त्यावर उतरली. आम्हाला कॉलेजच्या तयारीचे विषयही हवेत, ही त्यांची एक ठळक मागणी होती. मुलं-मुली असा विषयांमधला भेद १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने मोडीत काढला.

तोवर वाराही फिरू लागला होता. १९५७ मध्ये रशियाचा स्पुतनिक आकाशात गेला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेने विज्ञान, गणित आणि परकीय भाषांसाठी पैसा ओतणारा कायदा केला. १९५९ मध्ये हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी आपल्या अहवालात एकच सर्वसमावेशक हायस्कूल ठेवण्याच्या बाजूने कौल दिला. धंदेशिक्षणाचे वर्ग ठेवा आणि शेवटच्या वर्षी सगळ्या प्रकारच्या मुलांना एकत्र बसवून देशाच्या प्रश्नांवर चर्चा करायला लावा, अशी त्यांची शिफारस होती. पण १९८३ च्या ‘अ नेशन अ‍ॅट रिस्क’ अहवालानंतर पुस्तकी विषयांची सक्ती वाढली आणि अनेक शाळांतली लाकूडकामाची टेबलं हलवली गेली.

माझं मत विचाराल, तर त्या शाळांचा गाभा बरोबर होता. हाताचं काम शिकवल्याने कुणाचं नुकसान झालं नाही. झालं ते शेजारच्या वर्गाचा दरवाजा बंद ठेवल्याने. लेथवर काम करणाऱ्या मुलाला उद्या भूमितीच्या वर्गात जाता आलं पाहिजे आणि भूमितीत पहिल्या आलेल्या मुलीला आपल्या हाताने फळी काटकोनात आणता आली पाहिजे. या दोन्ही गोष्टी ज्या शाळेत होतात, तिला मी पुरी शाळा म्हणेन.