उतारवय, वंश आणि रक्ताचा एक कर्करोग

रक्तातील लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी शरीराचे रोगांपासून रक्षण करतात. यांतील सदोष पेशी हळूहळू साचत गेल्याने होणाऱ्या कर्करोगास ‘क्रॉनिक लिम्फोसाइटिक ल्युकेमिया’ म्हणतात. तो संसर्गजन्य नाही.

हा मुख्यतः उतारवयाचा रोग होय. पाश्चात्त्य देशांत निदानसमयी रुग्णाचे वय साधारणतः ७० च्या आसपास असते. चाळिशीपूर्वी तो क्वचितच आढळतो. स्त्रियांपेक्षा पुरुषांत त्याचे प्रमाण अधिक असते.

वंशपरत्वेही फरक दिसतो. युरोपीय वंशाच्या लोकांत हा रोग अधिक, तर जपान व चीनमध्ये विरळ आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या जपानी कुटुंबांतही तो कमीच आढळला. यावरून आनुवंशिकतेचा प्रभाव सूचित होतो. आईवडील वा भावंडांस हा रोग असल्यासही धोका वाढतो.

भारतात हा रोग तुलनेने कमी आहे. परंतु येथील रुग्ण पाश्चात्त्यांपेक्षा सुमारे १० वर्षांनी लहान असतात. म्हणून मान, काख वा जांघेतील न दुखणाऱ्या गाठी, घटणारे वजन, वारंवार येणारा ताप व सततचा थकवा यांकडे ‘वयोमानाने होणारच’ असे समजून दुर्लक्ष करू नये. साध्या रक्ततपासणीतही या रोगाचा सुगावा लागू शकतो. निदान झाले तरी प्रत्येकास तत्काळ औषधोपचार लागतातच असे नाही. नियमित तपासणी मात्र अत्यावश्यक आहे.