मत्स्यखाद्याची वेळ आणि पाण्याची विश्रांती

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, वैनगंगेच्या खोऱ्यात वसलेला गोंदिया जिल्हा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा होय. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन तो स्वतंत्र झाला. तथापि त्याची तलावसंपदा त्याहून कितीतरी जुनी आहे. कोहळी समाजातील जाणत्या पुरुषांनी टेकड्यांच्या उतारावर पाळी घालून पावसाचे पाणी अडविले आणि ते तुडुमातून, म्हणजे तलावाच्या मोरीतून, धानाच्या बांध्यांत खेळविले. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगाव बांध हा विस्तीर्ण तलाव परंपरेने कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडला जातो. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली व तलावांची मालकी शासनाकडे गेली. लोकांच्या बोलण्यात मात्र ते माजी मालगुजारी, अर्थात ‘मामा’ तलावच राहिले. या तलावांवर ढिवर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी केली असून, आज त्यांच्या मच्छीमार सहकारी संस्था तेथे मत्स्यबीज सोडतात.

तलावातील मासा आपले अन्न आपणच शोधतो. तेथे पंप नाही, विजेची तार नाही. पाणी हलवायचे काम वारा करतो. परंतु तलावाच्या जोडीला आता प्लास्टिकचे अस्तर घातलेली शेततळी, मत्स्यबीज वाढविण्याच्या सिमेंटच्या टाक्या आणि बायोफ्लॉकची गोल टाकी आली आहे. शहरात तर घरोघरी रंगीत माशांच्या काचपेट्या दिसतात. येथे पाणी हलते ते विजेवर आणि अन्न येते ते माणसाच्या हातून. साहजिकच एक साधा दिसणारा प्रश्न उभा राहतो : खाद्य देताना पाणी हलते ठेवावे, की थांबवावे? आणि थांबवावे, तर ते पुन्हा कोणी व केव्हा सुरू करावे? प्रश्नाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे, कारण माशांचा जीव त्यावर अवलंबून असतो.

वाहून जाणारे अन्न

एरेटर, म्हणजे पाते फिरवून पाणी घुसळणारे यंत्र, चालू असताना शेततळ्यावर तरंगते खाद्य टाकले तर काय होते, हे पाळीवर उभे राहून कोणासही पाहता येईल. खाद्याचे दाणे प्रवाहाबरोबर फिरतात, एका कोपऱ्यात लोटले जातात आणि काठावरच्या शेवाळात अडकून पडतात. बारीक भुकटी असेल तर ती पाण्यात विरघळून जाते. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. प्रवाहात या तिघांच्याही वाट्याचे अन्न विस्कटते. काचपेटीत याहून वाईट घडते. फिल्टर आपल्या ओढीने खाद्य खेचून घेतो आणि ते त्याच्या स्पंजात कुजत राहते.

न खाल्लेले खाद्य नुसते वाया जात नाही. ते कुजून त्यापासून अमोनिया तयार होतो व तो माशांना विषासमान असतो. पाण्यातील उपकारक जिवाणू या अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर त्यामानाने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. परंतु त्या कामी प्राणवायू खर्च होतो. म्हणजे वाहून गेलेले खाद्य शेतकऱ्याचा पैसा, पाण्याची शुद्धता आणि माशांचा प्राणवायू या तिन्हींवर घाला घालते. गोंदियात राइस मिलमधून मिळणारा धानाचा कोंडा आणि शेंगदाण्याची वा मोहरीची ढेप समप्रमाणात मिसळून दिली जाते. कोंडा स्वस्त असला तरी ढेप स्वस्त नाही.

म्हणूनच कोळंबी व मत्स्यशेतीत खाद्याच्या जागेजवळचे एरेटर खाद्य देताना बंद ठेवण्याचा प्रघात पडला, आणि काचपेटी बाळगणारे हौशी लोक पंप दहा-पंधरा मिनिटे थांबवू लागले. पाणी शांत होते, खाद्य जागेवर राहते, मासे ते टिपतात आणि किती खाल्ले व किती उरले हे डोळ्यांना दिसते. हा शेवटचा लाभ फारसा सांगितला जात नाही, पण तो मोठा आहे. पुढच्या वेळी किती खाद्य द्यावे हे त्यावरूनच ठरते.

बंद करणे सोपे, सुरू करणे विसरते

बटण दाबून पंप बंद करण्यास कोणत्याही उपकरणाची गरज नाही. अडचण पुढे येते. खाद्य टाकून झाले, तेवढ्यात कोणी हाक मारली, शेतातली दुसरी निकड निघाली, आणि पंप बंदच राहिला. खाल्ल्यानंतर माशांची प्राणवायूची गरज वाढते व ती काही तास वाढलेलीच राहते. नेमक्या त्याच वेळी हवा मिळेनाशी होते. सायंकाळी असे घडले तर धोका अधिकच. रात्री शेवाळ प्राणवायू निर्माण करीत नाही, उलट तेही श्वसनासाठी तो वापरते. त्यामुळे पहाटे पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो. दाट मत्स्यबीज सोडलेल्या शेततळ्यात पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेताना दिसले, की समजावे वेळ थोडा उरला आहे.

टायमरचे, म्हणजे ठरलेल्या वेळी वीज बंद-चालू करणाऱ्या घड्याळाचे, खरे काम पंप थांबविणे हे नसून तो विसर न पडता पुन्हा सुरू करणे हे होय. टायमर निवडताना ही एकच कसोटी लावावी.

बाजारात सामान्यतः तीन प्रकारचे टायमर मिळतात. पहिला यांत्रिक. त्याची तबकडी २४ तासांत एक फेरा घेते आणि तिच्या कडेला बहुधा ९६ खुंट्या असतात. प्रत्येक खुंटी १५ मिनिटांची. तो स्वस्त व टिकाऊ आहे, पण १५ मिनिटांपेक्षा कमी विश्रांती त्याला देता येत नाही. शिवाय वीज गेली की तबकडीही थांबते. दोन तास वीज नसेल तर घड्याळ दोन तास मागे पडते. खाद्य सकाळी नऊला दिले जाते आणि पंप अकराला थांबतो. यात मासे मरत नाहीत, परंतु उपकरणाचा हेतू फसतो; म्हणून वीज येऊन गेल्यावर तबकडी हाताने जुळवून घ्यावी लागते. दुसरा प्रकार आकडे दाखविणाऱ्या टायमरचा. त्यात लहान बॅटरी असल्याने वीज गेली तरी वेळ चुकत नाही आणि मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवता येतो. तिसरा प्रकार सर्वांत सोयीचा : बटण दाबताच पंप थांबतो आणि दहा मिनिटे उलटताच आपोआप सुरू होतो. ज्याला रोज नेमक्या वेळी खाद्य देणे जमत नाही, त्याने हा घ्यावा.

शेततळ्यावरील एरेटरसाठी आणखी एक दक्षता आवश्यक आहे. घरगुती टायमर काचपेटीच्या लहान पंपासाठी पुरतो. एक-दोन अश्वशक्तीची मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट वीजप्रवाह घेते व तो टायमर जळतो. मोटर कॉन्टॅक्टरवरून चालवावी आणि टायमरने केवळ त्या कॉन्टॅक्टरला आदेश द्यावा. हे काम जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावे व अर्थिंग तपासून घ्यावे, कारण येथे विजेचे व पाण्याचे सान्निध्य असते. तसेच साध्या स्टार्टरवर चालणारी मोटर वीज गेल्यावर सुटते आणि वीज आल्यावर आपोआप सुरू होत नाही. कोणीतरी हिरवे बटण दाबावे लागते. अशा ठिकाणी टायमर कितीही उत्तम असला तरी वीज गेल्यानंतर त्याचा आदेश व्यर्थ जातो. पुष्कळ कृषी वाहिन्यांवर वीज ठरावीक तासच मिळते, ही गोष्ट टायमर लावणाऱ्याने आधी विचारात घ्यावी.

जेथे पाणी थांबवू नये

सर्वच ठिकाणी हा उपाय योजणे मात्र घातक ठरेल. मत्स्यबीज केंद्रातील गोल उबवणी टाकीचे उदाहरण घ्यावे. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाच्या साहाय्याने भारतीय कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले आणि नदीतून मत्स्यबीज गोळा करण्यावरचे अवलंबित्व हळूहळू कमी झाले. चिनी पद्धतीच्या गोल टाकीत अंडी सतत फिरत्या पाण्यावर तरंगत राहतात. प्रवाह थांबला तर ती तळाशी बसून गुदमरतात. अंड्यातून बाहेर आलेले मत्स्यजिरे सुमारे तीन दिवस पोटाशी असलेल्या पिवळ्या पिशवीवर जगते. त्याला बाहेरचे खाद्य लागतच नाही. अर्थात तेथे पाणी थांबविण्याचे कारणही नाही.

बायोफ्लॉकची टाकी ही अशीच दुसरी जागा. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत या पद्धतीस सर्वसाधारण लाभार्थ्यांसाठी ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती व जमातींसाठी ६० टक्के अर्थसाहाय्याची तरतूद झाल्याने तिचे आकर्षण वाढले. येथे मासे अतिशय दाट असतात आणि जिवाणूंचे पुंजके हवेच्या बुडबुड्यांमुळेच पाण्यात तरंगते राहतात. हवा थांबताच पुंजके खाली बसू लागतात व माशांबरोबर जिवाणूही प्राणवायू झपाट्याने संपवितात. म्हणून या टाकीस टायमर लावू नये; खाद्य टाकताना फार तर त्या बाजूच्या एखाद्या हवानळीचा जोर कमी करावा, बाकीच्या चालू ठेवाव्यात.

काचपेटी

घरातील काचपेटीस दहा मिनिटे पुरेशी असतात. पंप फार काळ बंद राहिला तर फिल्टरमधील जिवाणू प्राणवायूअभावी मरू लागतात आणि त्यांनीच राखलेले पाणी बिघडते. हवेचा पंप पेटीतील पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा किंवा नळीत एकदिशा झडप बसवावी. अन्यथा पंप थांबताच पाणी नळीतून उलटे वाहून पंपात शिरते. खालच्या टाकीत पाणी गाळून वर चढविणारी रचना असेल, तर पंप थांबल्यावर किती पाणी खाली उतरते ते एकदा समोर उभे राहून पाहावे. खालच्या टाकीत तेवढी जागा रिकामी नसल्यास पाणी खोलीभर होईल.

तलावाचे स्वतःचे वेळापत्रक

मोठ्या तलावात व बोडीत यंत्र नसले तरी प्रवाह असतो. धानाला पाणी सोडले की तुडुमाकडे ओढ लागते. तेथे पूरक खाद्य द्यायचे झाल्यास छिद्रे पाडलेल्या पोत्यात कोंडा व ढेप भरून ते बांबूला टांगण्याची आंध्रातील पद्धत उपयोगी पडते. पोते तुडुमापासून दूर, शांत पाण्यात असावे. मासे तोंडाने पोते ढोसून हवे तेवढेच खातात आणि जागेची ओळख झाल्यावर ठरल्या वेळी तेथे जमू लागतात.

शेततळ्यात सकाळी नऊ-दहाच्या सुमारास खाद्य देणे सर्वांत सुरक्षित. ऊन चढल्याने शेवाळ प्राणवायू देऊ लागलेले असते आणि एरेटरची पंधरा-वीस मिनिटांची विश्रांती माशांना सोसते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो : २० अंश सेल्सियस तापमानास लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांस जेमतेम साडेसात. त्यामुळे गोंदियाच्या मे महिन्यात ही विश्रांती निम्म्यावर आणावी. आभाळ भरून आलेल्या, वारा पडलेल्या दिवशी खाद्य देऊच नये व एरेटर बंद करू नये. हिवाळ्यात पाणी गार झाले म्हणजे कार्प मासे कमी खातात. तेव्हा खाद्याचे प्रमाण घटवून वेळ उन्हाकडे, दहाच्या पुढे सरकवावी आणि टायमरच्या खुंट्याही त्याप्रमाणे हलवाव्यात.