जुन्या संगणकावरील अद्ययावतीकरणाचे अपयश : निदानपंचकाच्या आधारे एक विचार

प्रास्ताविक

रुग्णनोंद, औषधसाठा, बिले व वस्तू-सेवा कराचे विवरण ही कामे आता खेड्यातील चिकित्सालयातही संगणकावर होतात. तथापि आपल्यातील अनेकांचा संगणक दहा-बारा वर्षांपूर्वीचा आहे. तो बिघडला की आपण दुकानदाराकडे धाव घेतो आणि बहुधा एकच उत्तर मिळते : 'डॉक्टरसाहेब, नवा घ्या.' व्याधीचे निदान न करता दिलेला हा सल्ला प्रत्येक वेळी योग्य असतोच असे नाही. प्रस्तुत लेखात विंडोज या कार्यप्रणालीचे अद्ययावतीकरण जुन्या संगणकावर का फसते व त्यावर काय करावे, याचा आपल्याच शास्त्राच्या परिचित क्रमाने विचार केला आहे.

एक अनुभव

आसगाव (ता. पवनी, जि. भंडारा) येथील आमच्या चिकित्सालयातील संगणक २०१२ सालचा. सप्टेंबर २०२३ मधील एका सकाळी तो सुरू केला असता अपडेट काही टक्क्यांपर्यंत जाऊन थांबे, 'बदल मागे घेतले जात आहेत' अशा अर्थाची सूचना येई, संगणक पुन्हा सुरू होई आणि तेच चक्र फिरे. त्याच वेळी संधिशूलाने त्रस्त असलेल्या एक वृद्ध आजी आल्या. त्यांच्या हृदयाची झडप बदललेली असून रक्त पातळ ठेवणारे आधुनिक औषध चालू होते, एवढे आम्हांस स्मरत होते. परंतु औषधाची मात्रा, शेवटची रक्ततपासणी व मागील वेळी आम्ही दिलेली औषधे ही सर्व नोंद त्या बंद पेटीत होती. अशा रुग्णास अंदाजाने औषध देणे म्हणजे रक्तस्रावास निमंत्रण. आम्ही केवळ बाह्य स्वेदन सुचविले, पोटातून काहीही दिले नाही. सायंकाळी नातवाने नागपूरच्या रुग्णालयाचा कागद आणला, तेव्हा कुठे पुढील चिकित्सा ठरली. अनर्थ टळला, परंतु तो आमच्या दक्षतेने टळला, व्यवस्थेने नव्हे. ही खंत या लेखाचे कारण आहे.

हेतू

अपयशाचे हेतू मुख्यतः पाच आढळतात.

१) जागेचा अभाव : नव्या आवृत्तीला 'सी' विभागात साधारणतः २० जीबी मोकळी जागा लागते. जुन्या लहान डिस्कवर ती नसते.

२) मदरबोर्डवरील घड्याळाची बॅटरी क्षीण होणे : ही नाण्याच्या आकाराची, ३ व्होल्टची, 'सीआर २०३२' नावाची बॅटरी असते. ती संपली की संगणक बंद होताच तारीख मागे जाते. तारीख चुकली की सुरक्षा-प्रमाणपत्रांची मुदत जुळत नाही आणि अपडेटच्या सर्व्हरशी जोडणीच होत नाही.

३) हार्ड डिस्कची झीज : खराब झालेल्या भागावर फाइल लिहिली गेली की ती वाचता येत नाही.

४) जुने ड्रायव्हर : विशेषतः जुन्या प्रिंटरचे व ग्राफिक कार्डाचे.

५) मध्येच खंडित होणारा वीजपुरवठा : अपडेट चालू असता वीज गेल्यास फाइली अर्धवट राहतात.

यांखेरीज आपल्या भागातील सहायक हेतू म्हणजे धूळ व उष्मा. धानाच्या मळणीच्या दिवसांतील भुसा पंख्याच्या पात्यांवर बसतो, मे महिन्यातील तापमान त्यात भर घालते आणि तापलेला संगणक जड काम चालू असतानाच बंद पडतो.

पूर्वरूप

रोज सकाळी तारीख चुकीची दिसणे, सुरू होण्यास दहा-पंधरा मिनिटे लागणे, डिस्कमधून टकटक आवाज येणे, फाइल उघडताना संगणक गोठणे, ही पूर्वरूपे होत. आमच्या संगणकावर तारीख दोन महिने चुकत होती व आमचा सहायक ती रोज हाताने दुरुस्त करी. आम्ही त्याकडे दुर्लक्ष केले. औषधालयचालकांनी येथे विशेष लक्ष द्यावे : संगणकाची तारीख मागे गेली तर मुदत संपलेले औषध सॉफ्टवेअरला मुदतीतीलच वाटते, त्याची सूचना येत नाही, आणि बिलावरही चुकीचा दिनांक छापला जातो.

रूप

अपडेट फसल्यावर पडद्यावर एक क्रमांक दिसतो. तो न वाचता खिडकी बंद करणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे. नेहमीचे काही क्रमांक असे (प्रत्येकाच्या आरंभी 'शून्य-एक्स' असते) :

• ८००७००७० : डिस्कवर जागा अपुरी.
• ८००७२एफ८एफ : बहुधा तारीख-वेळ वा सुरक्षित जोडणीतील दोष.
• सी१९००१०१ : बहुधा ड्रायव्हरचा दोष, अपडेट मागे फिरते.
• ८००७३७१२ : कार्यप्रणालीच्या मूळ फाइलींत बिघाड.
• ८००७०६४३ : याची कारणे अनेक. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चे एक सुरक्षा-अपडेट जगभर अनेक संगणकांवर याच क्रमांकाने अडले. कारण, पुनर्प्राप्तीसाठी राखलेल्या छोट्या विभागात आवश्यक २५० एमबी मोकळी जागा नव्हती. 'सी' विभागात भरपूर जागा असूनही अपडेट फसू शकते, हे यावरून ध्यानात यावे.

उपशय

निदान संदिग्ध असता उपशयाने परीक्षा करावी. स्कॅनर, प्रिंटर, पेन ड्राइव्ह काढून अपडेट करून पाहावे. यश आल्यास दोष त्या उपकरणात किंवा त्याच्या ड्रायव्हरमध्ये आहे. तारीख हाताने दुरुस्त करून लगेच प्रयत्न करावा. जोडणी झाल्यास दोष बॅटरीचा. मोबाइलच्या इंटरनेटवरून जोडून पाहावे. चालल्यास दोष नेहमीच्या जोडणीचा. एका वेळी एकच बदल करावा. चार उपाय एकदम केल्यास कोणता लागू पडला हे कळत नाही.

संप्राप्ती

आमच्या संगणकात तीन हेतू एकत्र आले होते. बॅटरी संपल्याने तारीख चुके व अपडेट अनेक महिने आलेच नाही. तारीख हाताने दुरुस्त केल्या दिवशी साचलेले अपडेट एकदम उतरू लागले. 'सी' विभागात मोकळी जागा जेमतेम ६ जीबी होती, आणि डिस्कचा काही भाग खराब होता. त्यामुळे फाइली पूर्ण लिहिल्या जाईनात, कार्यप्रणाली मागे फिरे व पुन्हा प्रयत्न करी. आम्ही तीनपैकी एकच हेतू, तोही अर्धवट, दूर केला होता.

चिकित्सा

पूर्वकर्म : शोधनापूर्वी पूर्वकर्म जसे अनिवार्य, तसे कोणत्याही दुरुस्तीपूर्वी रुग्णनोंदी व हिशेब यांची प्रत बाहेरील डिस्कवर घेणे अनिवार्य होय. संगणक सुरूच होत नसेल तर जाणकाराकडून डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडावी व प्रत घ्यावी. टकटक आवाज करणाऱ्या डिस्कवर दुरुस्तीचे प्रयोग करू नयेत. प्रत्येक प्रयोगाने तिचे उरलेले आयुष्य घटते.

प्रधानकर्म : (१) बॅटरी बदलावी. (२) आतील धूळ, वीज काढून, मऊ ब्रशने स्वच्छ करावी. (३) 'डिस्क क्लीनअप' चालवून जागा करावी. (४) विंडोजमधील अपडेट ट्रबलशूटर चालवावा. (५) मूळ फाइली बिघडल्या असल्यास प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून प्रथम 'डिझम'ची आरोग्य-पुनर्स्थापनेची व नंतर 'एसएफसी'ची तपासणीची आज्ञा द्यावी; हा क्रम उलटू नये, कारण दुसरी आज्ञा ज्या साठ्यातून चांगल्या फाइली घेते, तो साठा पहिली दुरुस्त करते. (६) डिस्क झिजलेली असल्यास तिच्या जागी एसएसडी बसवावी. जुन्या संगणकास याहून गुणकारी रसायन आम्हांस आढळले नाही.

पश्चात्कर्म : अपडेट यूपीएसवर, चिकित्सालय बंद झाल्यानंतर करावे, रुग्णांच्या गर्दीत कदापि करू नये. पूर्ण झाल्यावर बिल छापून व एक जुनी नोंद उघडून खात्री करावी.

साध्यासाध्यविचार

जागा, तारीख, धूळ यांचे दोष साध्य होत. झिजलेली डिस्क व जुने ड्रायव्हर कृच्छ्रसाध्य.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजीच संपला होता. विंडोज ११ साठी टीपीएम २.०, सिक्युअर बूट, ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क व मान्यताप्राप्त प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही मान्यता, मोजके अपवाद वगळता, २०१७ च्या उत्तरार्धात आलेल्या आठव्या पिढीपासून आहे. काही संगणकांत टीपीएम असूनही बायोसमध्ये बंद ठेवलेले असते. ते सुरू करता येते. म्हणून 'पीसी हेल्थ चेक' या साधनाने तपासल्याविना आशा सोडू नये.

प्रोसेसरच जुना असेल तर विंडोज ११ पुरता तो संगणक प्रत्याख्येय समजावा. पळवाटांनी ते चढविता येते, परंतु पुढील अपडेटची शाश्वती राहत नाही. रुग्णनोंदीच्या संगणकावर असे धाडस करू नये. मात्र यंत्र याप्य आहे. विंडोज १० च्या वैयक्तिक संगणकांसाठी वाढीव सुरक्षा-अपडेटची योजना जाहीर झाली, तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी ठरविण्यात आली. दुसरा मार्ग लिनक्सचा : लिनक्स मिंट, किंवा आपल्या सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही प्रणाली. येथे दोन सावधानता. बिलाचे सॉफ्टवेअर त्यावर चालेल काय, हे आधी विचारावे. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमधील नोंदी तेथे अनाकलनीय अक्षरांत दिसतात. त्या आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्याव्यात. तिसरा मार्ग म्हणजे जुना संगणक इंटरनेटपासून पूर्ण तोडून केवळ जुन्या नोंदी पाहण्यास ठेवणे.

उपसंहार

आमच्या संगणकात बॅटरी व एसएसडी बदलली, प्रत घेतली आणि तो पुन्हा चालू झाला. २०२५ च्या ऑक्टोबरनंतर मात्र तो आम्ही इंटरनेटपासून तोडला व नवीन नोंदींसाठी दुसरा घेतला. यंत्रापेक्षा आमच्या सवयीत झालेला बदल अधिक महत्त्वाचा. दर शनिवारी नोंदींची प्रत बाहेरील डिस्कवर घेतली जाते व ती डिस्क घरी ठेवली जाते. रक्त पातळ करणारी, मधुमेहाची वा अपस्माराची आधुनिक औषधे घेणाऱ्या, तसेच एखाद्या द्रव्याचे असात्म्य असलेल्या प्रत्येक रुग्णाचे एक पुठ्ठ्याचे कार्ड टेबलाच्या खणात असते. त्या आजींचे कार्ड त्यांत पहिले आहे. वीज गेली, संगणक थांबला, तरी खण उघडतो.

वैद्यबंधू-भगिनींनी व औषधालयचालकांनी हा अंक खाली ठेवण्यापूर्वी आपल्या संगणकाच्या उजव्या कोपऱ्यातील तारीख एकदा अवश्य पाहावी, ही नम्र विनंती.