निर्णय आणि वर्णन : ब्रह्मा घाटावरून समाजशास्त्राकडे

वाराणसीतील पंचगंगा, दुर्गा आणि ब्रह्मा हे तीन घाट एकमेकांस लागून आहेत. त्यांच्या मागील गल्ल्यांतून मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. येथील एखाद्या गृहस्थास ‘आपण मूळचे कुठले?’ असे विचारले, तर पूर्वजांनी सोडलेल्या गावाचे नाव आणि ‘आम्ही काशीचेच’ हे विधान ही दोन्ही एकाच उत्तरात येऊ शकतात. संशोधकाच्या प्रश्नावलीत मात्र त्यांसाठी दोन निराळे रकाने असतात. हा अपुरेपणा केवळ त्या प्रश्नावलीचा आहे, की विद्यापीठीय विचारपद्धतीचाच आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

सामाजिक तथ्यांकडे वस्तूंप्रमाणे पाहावे, असा दंडक एमिल द्युर्केम यांनी १८९५ साली घालून दिला. समाजशास्त्र शास्त्रपदवीस पोहोचले ते बव्हंशी या शिस्तीमुळे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु या दंडकात एक गोष्ट गृहीत धरली जाते : वर्णन केल्याने वर्ण्य वस्तू बदलत नाही. दगडाविषयी हे खरे आहे. समाज मात्र आपले वर्णन वाचतो आणि त्यास उत्तर देतो. १९०१ च्या जनगणनेत रिस्ले यांनी जातींची सामाजिक श्रेष्ठतेनुसार क्रमवारी लावण्याचा उपक्रम हाती घेतला, तेव्हा आपले स्थान वर असावे म्हणून जातिसंस्थांकडून अर्जांची रीघ लागली. म्हणजे जी उतरंड मोजावयाची होती, तिलाच मोजणीने नवी धार आणली.

काशीतील दाक्षिणात्य पंडितांचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. सोळाव्या शतकात पैठणचे रामेश्वरभट्ट काशीस येऊन स्थायिक झाले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट आणि पुढे कमलाकरभट्ट, गागाभट्ट यांच्यामुळे हे घराणे धर्मशास्त्राचे मोठे पीठ बनले. दक्षिणेतील जातिविषयक वाद काशीच्या पंडितांपुढे येत. देवरुखे ब्राह्मणांच्या दर्जाविषयी १६५७ साली विश्वेश्वराच्या मुक्तिमंडपात सभा भरली आणि पंडितांच्या सह्यांनिशी निर्णयपत्र निघाले. शिवछत्रपतींच्या १६७४ मधील राज्याभिषेकामागेही गागाभट्टांच्या शास्त्रार्थाचे बळ होते. कोणी कोणाच्या पंक्तीस बसावे, राज्याभिषेकाचा अधिकार कोणाचा, हे पोथ्यांच्या आधारे ठरत असे. आणि ठरलेले प्रत्यक्षात उतरत असे.

आजच्या वाचकाला ही पद्धती पूर्वग्रहदूषित वाटेल, आणि ती तशी होतीही. तथापि एका बाबतीत ते पंडित आपल्यापेक्षा अधिक सावध होते. आपण देत आहोत तो निर्णय आहे, हे त्यांना ठाऊक होते. त्याखाली ते सही करीत, म्हणजे त्याचे उत्तरदायित्व स्वीकारीत. आधुनिक अभ्यासकही ‘जात’, ‘स्थलांतरित’, ‘मातृभाषा’ असे शब्द योजताना एक प्रकारचा निर्णयच देत असतो. पण तो त्यास वर्णन म्हणतो, आणि सहीची जबाबदारी टळते. विद्यापीठीय विचाराची खरी मर्यादा येथे आहे. सामग्री वाढविल्याने ती दूर होत नाही, कारण ती अभ्यासकाला पडलेल्या स्वतःच्या विस्मरणातून येते.

पैठणहून काशीस येणारी दुसरीही एक वाट होती. एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली मराठी टीका शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ साली, वाराणसीत पूर्ण केली. काशीच्या विद्वानांनी प्राकृतातील या टीकेस आक्षेप घेतला आणि अखेरीस तिचा गौरव केला, असे परंपरा सांगते. या कथेची ऐतिहासिकता बाजूला ठेवली, तरी तिच्यातील प्रश्न उरतोच : ज्यांच्याविषयी बोलावयाचे, त्यांना कळेल अशा भाषेत विद्वानाने बोलावे की नाही? मुक्तिमंडपातील निर्णय ज्या असंख्य कुटुंबांना लागू झाला, त्यांच्यापैकी किती जणांना त्याची संस्कृत भाषा उमगली असेल?

एकनाथांचा हा प्रश्न विसाव्या शतकात इरावती कर्वे यांच्या ‘वाटचाल’ या लेखात वेगळ्या रूपाने भेटतो. मानवशास्त्रज्ञ असूनही त्या पंढरीच्या वाटेवर केवळ निरीक्षक राहिल्या नाहीत. एकाच दिंडीतील ब्राह्मण आणि मराठा मंडळी जेवणाच्या वेळी वेगळी होतात, हे त्यांनी नोंदले. आणि त्याचे दुःख स्वतःला झाले, हेही नोंदले. या दुसऱ्या नोंदीने पहिलीची शास्त्रीयता उणावत नाही. उलट, कोण पाहत आहे आणि कोठून पाहत आहे, हे कळल्याने वाचकास ती पारखून घेता येते.

भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांनाही हा विचार लागू आहे. ‘संतसाहित्य’, ‘प्रादेशिक साहित्य’ हेदेखील आपण दिलेले निर्णयच होत. काशीत पूर्ण झालेली एकनाथांची टीका कोणत्या प्रदेशाची मानावयाची? वर्गीकरणावाचून अध्ययन चालत नाही. म्हणून ते टाकून द्यावे, असा याचा अर्थ नव्हे. परंतु आपल्या वर्गीकरणाखाली त्या पंडितांप्रमाणे आपणही सही करावी, आणि ज्यांच्याविषयी ते केले त्यांना त्यावर आक्षेप घेता येईल, अशा भाषेत ते मांडावे. ब्रह्मा घाटावरील गृहस्थाचे उत्तर आपल्या रकान्यात बसत नसेल, तर पहिला संशय रकान्याचा घ्यावा.