अधीक्षक झालेल्या भाच्यास

कळंबा, कोल्हापूर

चि. राजूस,

कराडच्या कॉलेजात तू कार्यालयीन अधीक्षक झालास, हे दादानं फोनवर सांगितलं. तुझ्या नावाचे पेढे इथल्या गल्लीत वाटून झाले. आता तुझ्या प्रश्नाकडे येते. अधीक्षकानं संघटनेत राहिलं की संस्थाचालकांच्या डोळ्यांवर येतं, मग राहू की सोडू, असं तू विचारलंस.

राहा. शिक्षकेतरांच्या संघटनेची पावती दरवर्षी फाडायची. आश्वासित प्रगती योजना असो की सातव्या आयोगाचे लाभ, आपल्याला कुणी आपणहून काही दिलेलं नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत राज्यभरच्या शिक्षकेतरांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार घातला, तो याच मागण्यांसाठी. वर्गणी चुकवणारेही लाभ मागताना रांगेत पुढं असतात; तू त्यांच्यातला होऊ नकोस.

पण संघटना हक्कासाठी भांडते, काम शिकवत नाही. तिच्याकडून ती अपेक्षाही धरू नये. प्राध्यापकांची 'सुटा' आहे, प्राचार्यांचे आणि संस्थाचालकांचे संघ आहेत. बिंदुनामावली कशी लिहायची, वेतननिश्चिती पडताळणीत कुठं अडकते, संलग्नतेच्या समितीपुढं कागद कसे मांडायचे, हे एकमेकांना सांगायला बसणारं ऑफिसवाल्यांचं मंडळ मला तरी नोकरीभर दिसलं नाही.

वरच्या पातळीवर संस्था आहेत. १९२४ साली सिमल्यात कुलगुरूंची परिषद भरली, त्यातून पुढच्या वर्षी इंटर-युनिव्हर्सिटी बोर्ड निघालं. आजचा भारतीय विद्यापीठ संघ तो हाच. पण तिथं सभासद असतं विद्यापीठ. संलग्न कॉलेजच्या अधीक्षकाला त्यात कुठली जागा? दिल्लीची 'नीपा' शैक्षणिक प्रशासनाचं प्रशिक्षण देते. तुझ्यासारख्यांसाठी तिथला एखादा वर्ग निघालाच, तर प्राचार्यांच्या मागं लागून जा.

अमेरिकेत मात्र १९१० सालीच कॉलेजांचे रजिस्ट्रार एकत्र आले आणि त्यांनी स्वतःची संघटना काढली. पगारासाठी नव्हे, कामासाठी. विद्यार्थ्याच्या गुणांच्या नोंदपत्रात काय असावं, याची मार्गदर्शिका ती संघटना काढते, म्हणजे एका ऑफिसचा कागद दुसऱ्या ऑफिसला न विचारता वाचता यावा. तू म्हणशील, आत्याला साता समुद्रापलीकडचं काय पडलंय? अरे, तेच गाडं आता आपल्या दारात आलंय. नव्या शैक्षणिक धोरणात पोरांचे श्रेयांक अॅकॅडमिक बँकेत जमा होतात. नावातली एक वेलांटी आधारशी जुळली नाही की पोरगं अडतं, आणि मधेच कॉलेज बदललं तर तुझ्या टेबलावरची चूक साताऱ्याच्या कुणा क्लार्कनं निस्तरायची. अशा वेळी त्या क्लार्कचा नंबर तुझ्याकडे हवा.

असं ऑफिसवाल्यांचं मंडळ उभं कसं राहील ते सांगते. कोल्हापुरात उच्च शिक्षण सहसंचालकांच्या ऑफिसात विभागातल्या सगळ्या जिल्ह्यांची माणसं फायली घेऊन येतात. बाकावर नंबराची वाट बघताना शेजारचा सहज तुमची स्थाननिश्चितीची फाईल चाळतो आणि म्हणतो, "मॅडम, हे उद्बोधन वर्गाचं प्रमाणपत्र पात्रतेच्या तारखेनंतरचं आहे, परत येणार बघा." असं शिक्षण कुठल्या कार्यशाळेत मिळत नाही. माझी निम्मी नोकरी त्या बाकानं सोपी केली. पण बाकावरची माणसं साहेबांची सही झाली की एसटी गाठतात. त्यांना महिन्यातून एका शनिवारी, एका विषयावर, चहापुरत्या वर्गणीत बसवायचं, एवढंच काम. अध्यक्ष-उपाध्यक्ष लगेच निवडू नका. पदं आली की सत्कार सुरू होतात आणि बिंदुनामावली राहते बाजूला.

व्हॉट्सॲपचा ग्रुप कराल, करा. पण कुणाच्या सेवापुस्तकाच्या पानाचा फोटो त्यावर जाता कामा नये. शंका विचारायची ती नाव झाकून. फिरत आलेल्या जीआरवर टिपणी लिहू नकोस. त्यावरचा सांकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर घालून बघ, मगच सही कर. आणि फी भरा, 'उत्कृष्ट प्रशासक' पुरस्कार न्या, असं सांगणाऱ्या परिषदांची पत्रं येतील, ती सरळ रद्दीत. भिंतीवर ती फ्रेम लावलेली माणसं मी पाहिलीत. त्यांची आवक-जावकसुद्धा जुळत नव्हती.

मॅनेजमेंटनं विचारलं तर लपवू नकोस. ऑफिसची कामं बिनचूक व्हावीत म्हणून बसतो, असं तोंडावर सांग. शहाणे असतील ते चहाचा खर्च देतील. तो घेऊ नका.

पुढच्या महिन्यात सहसंचालकांकडे यायचं झालं तर कळंब्याला उतर. चौऱ्याण्णवच्या विद्यापीठ कायद्याखाली मी हातानं उतरवलेल्या परिपत्रकांच्या वह्या कपाटात आहेत. २०१६ चा कायदा आल्यावर त्यातलं बरंच बाद झालं, पण पेन्शनच्या जुन्या केसेसना अजून लागतं. येताना तिकडच्या दोघा-तिघा अधीक्षकांना गाडीत घालून आण. तांबडा-पांढरा मी करते; विषय कुठला घ्यायचा ते तुम्ही ठरवून या.

तुझी,
आत्या